हिरव्या टिंबाचा खून

"या जगात लपलेलं सगळं दोघांनाच दिसतं," मामा कुणालाही पहिल्याच भेटीत सांगत. "एक तो वर बसलेला, आणि खाली मी. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, मला शोधून काढावं लागतं. आता कष्ट कुणाचे जास्त, ते तुम्हीच ठरवा."

मामांनी एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले होते. लोकांच्या मागीलदारी वाकून आकडे टिपता टिपता आपल्याला माणसाच्या पोटातलंही वाचता येऊ लागलं, अशी त्यांची श्रद्धा. निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले. शेजारणीची हरवलेली छत्री त्यांनी अवघ्या तीन आठवड्यांत शोधून काढली. ती त्यांच्याच घरी होती, हा भाग ते सहसा सांगत नसत.

मदतनीस म्हणून त्यांनी भाचीची नेमणूक केली होती, तिला न विचारता. सव्वीस वर्षांची ही मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणायची. आजचं प्रकरण मात्र तिचंच होतं.

शेंगदाणा आणि काजू यांच्याशी तिचं हाडवैर. सहाव्या वर्षी कुणाकडे तरी एक बिस्कीट खाल्लं, आणि घसा असा आवळला की दवाखाना गाठेपर्यंत आईचं अर्धं आयुष्य सरलं. तेव्हापासून बाहेरचं खाणं बंद. दुकानात काचा घासणारा सहकारी तिला तीनदा जेवायला चल म्हणाला, आणि तीनदा तिने पोट बिघडल्याचं सांगितलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "इतकं बिघडतं तर आधी डॉक्टरकडे जाऊ." मग तिला खरं सांगावं लागलं. तो हसला नाही, अरेरे म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचं एक ॲप शोधून घेऊन आला. आपल्याला काय सोसत नाही त्यावर खुणा करायच्या, की कुठल्या हॉटेलात आपलं जमेल ते ॲप सांगतं. जमणार असेल तर हिरवं टिंब, नाहीतर लाल.

कोपऱ्यावरच्या हॉटेलाचं टिंब मंगळवारी हिरवंगार होतं. शनिवारी एक वाजता जायचं ठरलं. आणि शनिवारी सकाळी बघते तर टिंब लाल.

"मी त्याला नाही म्हणून कळवते," भाची म्हणाली. पाचव्यांदा विचारायला तो काही संत नव्हता, हे तिला कळत होतं.

"थांब," मामा म्हणाले. "चार दिवसांत हिरव्याचं लाल आपोआप फक्त टोमॅटोचं होतं. हा घातपात आहे."

अकरा वाजता दोघं हॉटेलात हजर. मालकीणबाई स्वतःच स्वयंपाक करत. पन्नाशीच्या, बाह्या दुमडलेल्या, हातात सुरी.

"स्वयंपाकी कधी बदलला?" मामांनी विचारलं.

"बावीस वर्षांपूर्वी. आधी सासूबाई होत्या."

मामांनी वहीत लिहिलं: सासूचा सूड.

मग ते रस्त्यावर गेले आणि धावत परतले. "समोरचा सरबतवाला माझ्याकडे टक लावून बघत होता. प्रतिस्पर्धी. त्यानेच टिंब फिरवलं."

"मामा, तुम्ही त्याच्या खुर्चीवर बुटांसकट उभे होतात."

"उंचावरून दृष्टी स्वच्छ होते."

तिसरा तर्क तेलाचा. शेंगदाण्याचं तेल चोरून वापरलं जात असणार, म्हणून मामांनी कोठीतले चारही डबे हुंगले. चारही सूर्यफुलाचे निघाले. मामांच्या नाकाचा शेंडा तेवढा चकाकू लागला. बारा वाजून गेले होते. भाचीने मोबाइलवर "आज जमणार नाही" इतकं लिहून ठेवलं होतं, पाठवायचं बाकी होतं.

देव भावाचा भुकेला आणि मामा पुराव्याचे. पण बाईंना दुपारची गर्दी सांभाळायची होती. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सरळ भाचीला विचारलं, "पोरी, तुला नेमकं काय चालत नाही?"

"शेंगदाणा आणि काजू."

"ते माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. नातवाला चालत नाहीत. दाखव बघू तुझी यादी."

भाचीने मंगळवारनंतर पहिल्यांदाच यादी उघडली. दोनाच्या जागी अकरा खुणा. दूध, अंडी, मासे, गहू, तीळ, लसूण...

"अगं, तू जगतेस कशावर?" बाई म्हणाल्या. "वाऱ्यावर?"

मंगळवारी मोठ्या हौसेने तिनेच ते ॲप घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर घालून दिलं होतं, यादी सगळ्यांची मिळून एकच. कुठली खूण कुणी केली, तेही खाली लिहिलेलं होतं. सहा आईच्या. व्हिनेगरची वडिलांची, त्यांना जळजळतं म्हणून. आणि अळंबी, मोहरी...

"मामा?"

"अळंबी एका रात्रीत उगवते," मामा नाक पुसत म्हणाले. "सज्जनाला इतकी घाई नसते. आणि मोहरी मला पहिल्यापासून आगाऊ वाटते."

देवाला भाव पुरतो म्हणतात. आपली माणसं मात्र भावाच्या भरात आपल्यालाच उपाशी ठेवतात.

भाचीने आईला फोन लावला.

"मी सहाच केल्या," आई म्हणाली.

"आई, मला दोनच सोसत नाहीत."

"ठाऊक आहे गं. वाटलं, टिंब लाल झालं की तू घरीच जेवशील. तुझा तो घसा मी पाहिलाय. तू नाही पाहिलास."

भाचीने फोन बाईंच्या हातात दिला. दोघी दहा मिनिटं बोलल्या. कढई वेगळी का, फळी-सुरी कुणी धुतली, नातवाला कधी कळलं, त्या दिवशी तुम्हीही रडलात का. मग फोन परत आला.

"ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन घेतलंयस?"

"पर्समध्ये आहे."

"कुठे टोचायचं, त्या मुलाला ठाऊक आहे?"

"मांडीत. त्याने आधी तेच शिकून घेतलं."

"काढ मग माझ्या खुणा," आई म्हणाली. "आणि त्या मामाच्या आधी काढ."

नऊ खुणा गेल्या आणि टिंब हिरवं झालं. मामांनी वहीत लिहिलं: प्रकरण उलगडलं.

"कुणी?" भाचीने विचारलं.

"आपण," मामा म्हणाले, आणि सरबतवाल्याची खुर्ची पुसायला गेले, कारण तो दारात येऊन उभा राहिला होता.

काचा घासणारा पाच मिनिटं आधीच आला. बाईंनी वाफाळता भात आणि भाजलेला मासा स्वतः आणून ठेवला. पहिला घास भाचीने हातात बराच वेळ धरला. त्याने घाई केली नाही. मग तिने तो खाल्ला, आणि मग दुसरा.

दोन वाजता तिने रिकाम्या ताटाचा फोटो आईला पाठवला. उत्तर लगेच आलं:

"दोनच सोसत नाहीत म्हणालीस. म्हणजे भोपळा सोसत नाही हे वीस वर्षं खोटंच सांगत होतीस. उद्या भोपळाच करतेय. त्यालाही घेऊन ये."