काचेच्या दारापर्यंतचे मोघेकाका

तुम्ही परदेशी निघाला असाल आणि आमच्या बिल्डिंगमध्ये राहत असाल, तर मोघेकाका तुमच्याकडे येऊन पहिलं काय करत? तुमची भरलेली बॅग जिन्यावरून खाली ढकलून देत.

गंमत नाही सांगत. बॅग धडाधड आपटत खालच्या मजल्यावर जायची. काका मागून सावकाश उतरायचे, कुलूप हलवून बघायचे, बॅगेला कान लावायचे. "आत काहीतरी वाजतंय. काढा, परत भरा." माणूस मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात जन्मभर डिस्पॅचला होता. खोकं आपटून बघितल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही, ही तिथली सवय. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "विमानतळावरचे हमाल काय तुमची बॅग कडेवर घेणार आहेत?"

कर्णिकबाई मुलाकडे निघालेल्या, तेव्हा त्यांनी बॅगेत लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी घातलेली. ती पहिल्याच पायरीला गेली. बाई रडायच्या बेतात, आणि हे खूश! "बरं झालं, इथे फुटली. तिकडे फुटली असती तर नातवाच्या झबल्यांना फोडणी बसली असती!" जिन्याला पुढे कितीतरी दिवस हिंग-मोहरीचा वास येत होता. पुसून पुसून माझेच हात भरून आले, कारण जिना आमच्या दारासमोरचा.

तेव्हा डोंबिवलीत घरटी एक मुलगा इंजिनियर होत होता, आणि झाला की अमेरिकेला पळत होता. मागून मग आईवडील जायचे. आयुष्यात फार तर काशीला जाऊन आलेली माणसं, विमान बघितलेलं ते गच्चीवरून. आता माझी भाची फोनवर बोट फिरवते आणि तिला सगळं कळतं. आमच्याकडे मोघेकाका होते. खरं सांगू, मला अजूनही ते जास्त भरवशाचे वाटतात.

"बूट एक नंबर मोठे घ्या, विमानात पाय सुजतात. उतरताना कानाला दडे बसतात, खडीसाखर चघळा. एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, सामान उशिरा आलं तर जावयाच्या लेंग्यात फिरायला नको. मुलाचा पत्ता दोन ठिकाणी ठेवा." आणि रात्रीचं विमान असलं तरी दुपारी जेवून निघायचं म्हणजे निघायचं. "शीळफाट्याला एक ट्रक आडवा झाला की संपलं. पायलट काय तुमच्यासाठी विमान धरून ठेवणारे?" आम्ही पाठीमागे हसायचो, पण आमच्या बिल्डिंगमधल्या एकाचंही विमान कधी चुकलं नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी तालीम असायची, व्हिसाच्या मुलाखतीची आणि तिकडे उतरल्यावरच्या चौकशीची. काका टेबलामागे बसून गोरे साहेब व्हायचे. समोर साठेआजोबा. "किती दिवस राहणार?" असं काकांनी इंग्रजीत विचारलं की आजोबा आपल्या गुडघ्यांपासून सुरुवात करायचे. काका टेबलावर थाप मारायचे. "विचारलं तेवढंच! साहेबाला तुमच्या गुडघ्यांशी काय करायचंय?" हे "विचारलं तेवढंच" आमच्याकडे इतकं रुजलं की माझी पोरं शाळेच्या प्रगतिपुस्तकाबद्दलही तेवढंच सांगायला लागली.

सगळ्यात अजब होता तो काठ. बॅगा सगळ्यांच्या सारख्याच, मग पट्ट्यावर आपली ओळखायची कशी? म्हणून काका प्रत्येकाच्या हँडलला मोघेकाकूंच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बांधून देत. एकदा आमच्याकडचे साठेआजोबा आणि पलीकडच्या गल्लीतले पेंडसे नेमके एकाच विमानानं गेले. काठ एकाच लुगड्याचा! साठ्यांच्या मुलाकडे डिंकाचे लाडू पोचले, आणि तिथे बाळंतीण कोणी नाही. पेंडश्यांच्या बाळंतिणीला मिळाल्या साठेआजोबांच्या बंड्या. काकांना हे कळलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. "म्हणजे काठ लांबून दिसतो, हे तर नक्की झालं!"

आणि एवढं सगळं सांगणारा हा माणूस विमानात कधी बसला होता? एकदाही नाही. प्रत्येकाला पोचवायला विमानतळावर जायचे, ते काचेच्या दारापर्यंत. पुढे तिकीटवाल्यालाच सोडतात. मग तो माणूस परत आला की त्याची झोप पुरी व्हायच्या आत काका हजर. "जेवायला काय दिलं? ढकलगाडीला नाणं लागतं का? संडासाची कडी कशी लावतात, हात करून दाखवा." असं विचारून विचारून त्यांनी अख्खा अमेरिकेचा विमानतळ डोक्यात बांधलेला. 

मग त्यांची स्वतःची पाळी आली. त्यांची एकुलती एक अंजू लग्न होऊन तिकडे गेलेली, तिला दिवस राहिले. फोन आमच्याकडे होता, त्यामुळे बातमी पहिली मला कळली. दोघांनी जायचं असं ठरलं. काका जिन्यात भेटले तर चालण्यात फरक! "आता बघतो गं शुभा, त्या दारापलीकडे काय काय आहे ते. लोकांनी नीट बघितलेलं नाहीये."

व्हिसाच्या मुलाखतीहून दोघं परतली ती मुकाट. काका तडक गॅलरीत जाऊन उभे राहिले. काकूंनी मला आत ओढलं.

"ह्यांना नाही दिला गं."

"आणि तुम्हाला?"

"मला दिला!" काकूंचा स्वर असा, जणू चोरी पकडली गेलीय. "अगं, साहेबानं विचारलं, मुलगी घ्यायला येणार का? हो म्हणून गप्प बसावं की नाही? ह्यांनी सुरू केलं. कुठल्या दारानं बाहेर पडायचं, कुठला जिना बंद असतो, कुठल्या पट्ट्यावर सामान येतं. तो बघतच राहिला. म्हणाला, किती वेळा जाऊन आलात? हे म्हणाले, एकदाही नाही. त्यानं कोरा पासपोर्ट चाळला, परत ह्यांच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, म्हातारा थापा मारतोय."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"मला कुठलं इंग्रजी! दुभाषी बाई होती, तिला म्हटलं, लेकीचं बाळंतपण आहे. ती म्हणाली, पहिलं का? म्हटलं, पहिलंच. झालं."

बाळंतपण हा शब्द तिथे उच्चारायचा नाही, साहेबाला वाटतं कामाला चाललेत, असं काकांनी अख्ख्या डोंबिवलीला बजावलेलं. मला हसू फुटणार होतं, पण गॅलरीतली ती पाठमोरी मान बघितली आणि जिरलं.

पुन्हा अर्ज करता आला असता, पण बाळ काही अर्जासाठी थांबणार नव्हतं. आणि काकू एकट्या जायला तयार होईनात. कल्याणच्या बाजारातसुद्धा ही दोघं पिशवीचा एक बंद काकांच्या हातात, एक काकूंच्या हातात अशी जायची. इतकी वर्षं घरात तालमी चालल्या, काकूंनी त्यातलं अक्षर ऐकलेलं नव्हतं. "मी कशाला शिकू? हे होतेच की बरोबर." दोन दिवस घरात अबोला. शेवटी काकाच म्हणाले, "अंजूला आई हवीय. बापाचं काय अडलंय तिथे? तू जायचंस."

मग काकूंची तालीम. मी बघायला गेलेले. काकांनी विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?" काकू नुसत्या हसल्या. परत विचारलं, परत हसल्या. मला वाटलं आता टेबलावर थाप पडणार. काका चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "चालेल. तू अशीच हस. सोडतील तुला."

त्यांना पोचवायला मीही टॅक्सीत होते. सूर्य मावळायच्या आत विमानतळावर. दारापाशी काकू म्हणाल्या, "अहो, मला नाही जमायचं." काकांनी त्यांच्या पदराची पिन सारखी केली. "जमतं गं. साठ्यांना जमलं, तुला नाही जमणार? जा. मागे बघू नकोस, ढकलगाडी आपटेल कोणावर." काकूंनी मागे बघितलं, आणि गाडी एका पोलिसावर आपटली. पोलिसानंच मग हाताला धरून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले. काका लाकडी खुर्चीत ताठ बसलेले, अंगात कालचेच कपडे. गादीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"काका, झोपला नाहीत?"

"अगं, ती अजून बसूनच आहे ना तिकडे," ते म्हणाले. "मी आडवा कसा होऊ?"

किती समजावलं, उठले नाहीत. दुपारी पोळीभाजी नेली तर ताट मांडीवर घेऊन बसले. "तिला दिलं असेल का गं काही? मागायची नाही ती. भिडस्त आहे." घास काही तोंडात गेला नाही. ह्या माणसानं इतक्या जणांना हसत हसत वाटेला लावलेलं.

दिवेलागणीनंतर आमचा फोन वाजला. मी हाक मारायच्या आत काका दारात. पलीकडून काकूंचा आवाज इतका खणखणीत, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "पोचले हो! शेजारी एक गुजराती बाई होती, तिनं सगळं केलं. मी तर अख्खा प्रवास झोपून काढला. अंजू बरी आहे. तुम्ही जेवलात का? झोपलात का?"

"जेवलो की. झोपही मस्त झाली," काका म्हणाले. "माझी काय काळजी करतेस?"

फोन ठेवला, बरं झालं म्हणाले, आणि चपला घालून निघाले. मी दार लावायला गेले तर समोरच्या आपल्या दाराशी किल्ली हातात घेऊन नुसते उभे. कुलूप काढलं नाही. मग परत फिरले.

"शुभा, इथेच जरा पडू का गं?" म्हणाले. "तिकडे कोणी नाहीये."

मी दिवाणावर उशी टाकली. टेकताक्षणी त्यांना झोप लागली.