हवालदाराची तपासणी

खण्ण... ण... ण... णन्!

ओट्यावरून पातेल्याचं झाकण पडलं आणि फरशीवर भिंगरीसारखं गरगरत सुटलं. टळटळीत दुपार, बाळाचा नुकताच कुठे डोळा लागलेला. बाळाची आई जागच्या जागी थिजली. बाळाने आधी ओठ काढले, मग घर डोक्यावर घेतलं. आतल्या खोलीत फोनवर साहेबांशी बोलणारा नवरा दारात आला. पाच वर्षांची चिऊ हातातला रबरी हत्ती टाकून धावत आली.

हलला नाही तो एकटा हवालदार! झाकणाने त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर शेवटची गिरकी घेतली, तरी पठ्ठ्याने डोळा उघडला नाही.

हवालदार हा तिचा कुत्रा. दारात आलेल्या प्रत्येकाची झडती घेतल्याशिवाय आत सोडत नसे, म्हणून हे नाव. तिच्या माहेराहून तो तिच्याबरोबर आला होता. नवऱ्याचीसुद्धा पहिल्या भेटीत झडती झाली होती, आणि तो कसाबसा पास झाला होता. आता हवालदाराचं तोंड पांढरं झालं होतं, पायऱ्या चढताना तो मध्येच थांबून विचार करायचा.

"बघा! याला म्हणतात समज!" बाळाला खांद्यावर थोपटत ती म्हणाली. "बाळ आल्यापासून किती शहाणा झालाय! बेल वाजली तरी भुंकत नाही. आणि तुम्ही दोघं! पेन्सिल पडली तरी दणदण धावत येता!"

घरातलं कुठलंही दुखणं आपल्या नजरेतून सुटत नाही, याची तिला बालंबाल खात्री होती. चिऊला गोवर येणार हे तिने पुरळ उठायच्या आधीच जाहीर केलं होतं. नवऱ्याची किडकी दाढ तर नुसत्या चावण्याच्या आवाजावरून ओळखली होती, तीही शेजारच्या खोलीतून! डॉक्टर लागतात ते औषध लिहून द्यायला, एवढंच.

अशा बाईच्या नजरेतून हवालदाराचं पाण्याचं वाडगं सुटेल? सकाळी काठोकाठ भरावं, बाळाला आंघोळ घालून यावं, तर वाडगं कोरडं ठणठणीत! पुन्हा भरावं, पुन्हा कोरडं!

"याला साखर झालीये," तिने निदान केलं. "नाहीतर मूत्रपिंड."

"अगं, ऊन किती आहे!"

"ऊन तुलाही आहे. तू पितोस का बादली बादली?"

पण वरून कितीही तोरा मिरवला तरी आतून ती धास्तावली होती. म्हातारा कुत्रा, त्यात असलं दुखणं! आपला हात हवालदाराच्या पाठीवर जरा जास्तच वेळ रेंगाळतो, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "सकाळची पहिली लघवी घेऊन या." सांगायला काय जातंय! तिने लांब दांड्याची पळी घेतली, फरशी पुसायच्या काठीला सुतळीने घट्ट बांधली आणि उजाडताच हवालदाराच्या मागे निघाली. पुढे हवालदार, मागे ती, मासे पकडायला निघाल्यासारखी वाकून!

हवालदाराने पहिल्या झाडापाशी पाय उचलला. तिने पळी सरकवली. पळी दिसताच त्याने पाय खाली ठेवला, शिस्तीत बसला आणि पंजा पुढे केला. बरोबरच होतं त्याचं! त्या पळीने त्याला रोज जेवण वाढलं जायचं.

दुसऱ्या झाडापाशी तेच. तिसऱ्या झाडापाशी पुन्हा तोच पंजा!

"ताई, काही हरवलंय का?" पळायला निघालेल्या एका काकांनी विचारलं.

"नाही हो काका, सापडायचंय!"

शेवटी एका खांबापाशी त्याची पाठ असताना तिने मोहीम फत्ते केली. नमुना जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरला, ती ओट्यावर ठेवली आणि लढाई जिंकल्यासारखी हात धुवायला गेली. परत येते तो नवरा बाटली उघडून, टोस्टवर चमचा धरून उभा!

"हा मध एवढा पातळ कसा गं?"

"खा-ली ठे-व!"

तिच्या किंकाळीने नवऱ्याच्या हातातला चमचा उडाला, चिऊ टेबलाखाली शिरली, बाळ रडायला लागलं. हवालदार तेवढा दाराकडे पाठ करून निवांत पंजा चाटत होता.

"शिका जरा त्याच्याकडून!" ती म्हणाली.

दवाखान्यात सगळी वरात गेली. डॉक्टरबाईंनी नमुना तपासला, हवालदाराचं पोट दाबलं, रक्त घेतलं, बराच वेळ आत जाऊन आल्या. तिने नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला होता की त्याची बोटं पांढरी पडली.

"ना साखर, ना मूत्रपिंडाचा त्रास," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढं पाणी तो पितो, हे पाहिलंय कुणी?"

"तो नाही पीत," खालून चिऊ म्हणाली. "माझ्या हत्तींना आंघोळ लागते. मला नळ सोडायला बंदी आहे. हवालदाराच्या वाडग्याला नाहीये."

नवऱ्याने खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. पण आनंदही असा झाला की काय बोलू नि काय नको!

"म्हणजे ठणठणीत आहे! मला वाटलंच होतं! आणि काय सांगू डॉक्टर, इतका समजूतदार झालाय हो! झाकण पडू दे, बेल वाजू दे, मी किंचाळू दे, ढिम्म हलत नाही!"

डॉक्टरबाईंचा लिहिता हात थांबला. त्या उठल्या, हवालदाराच्या मागे गेल्या आणि स्टीलचा ट्रे जमिनीवर सोडून दिला.

नवरा उडाला. बाळाने टाहो फोडला. हवालदार तिच्या तोंडाकडे बघत शेपूट हलवत राहिला.

"याला ऐकू येत नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "बरेच महिने झाले असावेत."

"कसं शक्य आहे? हाक मारली की येतो तो!"

"तो तुमच्यावरची नजर काढत नाही. तुमचे हात, तुमचा चेहरा, तुमची चाल, यावरून ओळखतो सगळं. म्हणून तर तुम्हाला पत्ता लागला नाही."

ती खाली बसली. हवालदाराने सवयीने पंजा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला. पण गाडीत बसेपर्यंत तिची मान पुन्हा ताठ झाली होती.

"पाहिलंस? एक अक्षर ऐकू येत नाही, तरी माझं सगळं कळतं त्याला! आहे कुणाचा कुत्रा असा? नाहीतर काही जणांना ऐकू येऊनही कळत नाही!"

"काय म्हणालीस?" नवऱ्याने आरशात बघत विचारलं.

मागच्या सीटवर चिऊ रोजच्यासारखी हवालदाराच्या गळ्यात हात टाकून, त्याच्या कानाला तोंड लावून कुजबुजत होती. ती एकदम थांबली. तिने त्याचा कान उचलून आत डोकावून पाहिलं.

"आई, मी एवढे दिवस याच्या कानात माझी गुपितं सांगत होते ना... मग ती कुठे गेली?"