पहिली फेरी मास्तरची

"ज्याला दोन हात आहेत त्याला माहितीपुस्तक कशाला लागतं?" असं म्हणून लिफ्टमास्तरनं ते जाडजूड पुस्तक उचललं आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल जागच्या जागी घट्ट बसलं. पुस्तकाचा उपयोग नाही असं कोण म्हणेल!

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे हं. शहरातल्या निम्म्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेलेल्या, म्हणून सगळे त्याला लिफ्टमास्तर म्हणायचे. नुसती घरघर ऐकून तो लिफ्टचं दुखणं सांगायचा. मोटरीवरचा नंबर एकदा वाचला की आयुष्यभर पाठ. आणि त्याचा एक नियम होता, जो त्याच्या उस्तादानं त्याला शिकवला होता: लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी मेकॅनिकची. आधी आपण बसायचं, खाली-वर जाऊन यायचं, मग माणसं चढवायची. पडलो तर आपण पडू!

बायको त्याची केकताई. घराच्या पुढच्या खोलीत तिची बेकरी. आणि केकताईला लहानपणापासून टाइप वन डायबेटिस. आपल्या पोटात इन्सुलिन बनवणारा जो कारखाना बिनबोभाट चालू असतो, तो तिचा आठव्या वर्षीच कायमचा बंद पडला. तेव्हापासून त्याचं काम ती स्वतः करते. बोट टोचायचं, रक्तातली साखर बघायची, घासाचा हिशेब करायचा आणि कमरेच्या पंपातून तेवढंच इन्सुलिन आत सोडायचं. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर कोसळते. आणि अशी बाई दिवसभर केक करते! गिऱ्हाईकं डोळे मोठे करून विचारायची, "ताई, तुम्हाला चालतं का हो हे?"

"करायला चालतं. खायचं असेल तर आधी गणित करावं लागतं," असं सांगून ती खोक्याला फीत बांधायला लागायची.

तिचा जुना पंप आता अगदी म्हातारा झाला होता. त्याला तडा गेलेला, तड्यावर केकच्या खोक्याची चिकटपट्टी. बटण तीनदा दाबावं तेव्हा एकदा ऐकायचा. त्याचे सुटे भागही मिळेनासे झाले होते. तरी केकताईचा त्याच्यावर जीव! शेवटी डॉक्टरांनीच दटावलं आणि नवं खोकं घरात आलं. नवा पंप, आणि त्याच्या जोडीला दंडावर चिकटवायचे दोन सेन्सर. सेन्सर म्हणजे नाण्याएवढी चकती, दर थोड्या वेळानं साखरेचा आकडा मोबाइलवर पाठवणारी. पुढे जाऊन पंप या सेन्सरचं ऐकून आपला आपणच इन्सुलिन कमीजास्त करणार. पण ते आपोआपचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सताई येऊन सुरू करणार होती. तोवर पंप हातानंच चालवायचा.

"हे बघा," केकताईनं बोट उगारून बजावलं, "उद्या नर्सताई येईपर्यंत या नव्या पाहुण्यानं एक जरी थाप मारली, तर खोकं परत! मी आणि माझा जुना पंप, आमचं आम्ही बघून घेऊ."

मास्तर हसला, पण आतून त्याचं काही खरं नव्हतं. जुना पंप एखाद्या दिवशी मधेच मान टाकेल, या भीतीनं कित्येक महिने तो रात्री उठून पंप चालू आहे ना ते बघत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. काही झालं तरी हे खोकं घरात टिकलंच पाहिजे!

म्हणून मग त्यानं काय करावं? नियम म्हणजे नियम. एक सेन्सर उचलला, बाथरूमची कडी लावली, शर्टाची बाही वर केली, डोळे मिटले आणि खट्! चकती दंडावर बसली. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. केसासारखी एक तार आत गेलेली आणि ती म्हणे आता रक्ताची खबर देणार! मास्तर आरशात बघतच राहिला. मोठमोठ्या मोटरी खोलणारा माणूस, पण त्या चकतीपुढे त्याची मान आपोआप लवली. त्या सेन्सरच्या डबीवरचा चार आकडी कोड त्यानं सवयीनं वाचला, सवयीनंच तो पाठ झाला. बाही खाली ओढून तो बाहेर आला.

"बिनधास्त लाव. काही होत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"माणसानं आत्मविश्वासानं बोलावं."

केकताईनं दुसरा सेन्सर आपल्या दंडावर लावला, नवा पंप कमरेला अडकवला. मोबाइलनं विचारलं, सेन्सरचा कोड काय? तिनं चष्मा शोधायला सुरुवात केली. "चष्मा कशाला? मला पाठ आहे!" म्हणत मास्तरनं न बघता चार आकडे दाबले. एका बिल्डिंगच्या दोन लिफ्टांना एकच किल्ली चालते. मग एका खोक्यातल्या दोन सेन्सरांना दोन कोड कशाला असतील? याचं उत्तर पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. पण पुस्तकावर टेबल उभं होतं.

थोड्या वेळानं मोबाइलवर आकडा उमटला. त्र्याण्णव! मग एक्क्याण्णव, मग चौऱ्याण्णव. आकड्यांची रेषा अशी सरळ, की त्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवावा.

केकताई स्टुलावर बसली ती उठेचना. "अहो, हे बघा तरी! माझी साखर अशी कधी बसलीच नाही हो एका जागी!"

दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीच्या मोबाइलवरही तीच रेषा दिसत होती. तिचा लगेच फोन आला. "आई, मी ऑफिसात रडतेय गं! किती सुंदर रेषा!"

मास्तरची आई खुर्चीतून वाकली, मोबाइलकडे बघून म्हणाली, "कुणाला सांगू नका. दृष्ट लागेल." एवढं म्हणून तिनं स्वतःच शेजारणीला हाक मारून सांगितलं. शेजारीण आली, बघून "अगं बाई!" म्हणाली. गिऱ्हाईकं केक न्यायला आली ती केक विसरून रेषा बघत उभी राहिली. मास्तर सगळ्यांना असं समजावून सांगत होता, की जणू मशीन त्यानंच बनवलं. जेवणं झाली, रेषा जरा वर सरकली आणि गुणी मुलीसारखी खाली येऊन बसली.

"आता बोट टोचायची गरज नाही," मास्तरनं जाहीर करून टाकलं.

केकताईनं जेवणापुरतं इन्सुलिन घेतलं होतं. पण अर्ध्या जेवणातच मोठ्या केकचं गिऱ्हाईक आलं आणि ती ताटावरून उठली ती क्रीमच्या कामाला लागली. एरवी तिनं बोट टोचून बघितलं असतं. आज मोबाइल शेजारी होता, रेषा सरळ होती. ती गुलाबाच्या पाकळ्या काढत राहिली.

दुपारी तिच्या हातातून क्रीमची पिशवी निसटली.

"अहो, मला काहीतरी होतंय."

मास्तरनं मोबाइल बघितला. "एकशे चार आहे. मस्त आहे! दमली असशील."

"मशीन काही म्हणो. माझे हात थरथरताहेत म्हणजे थरथरताहेत!" तिनं खिशातलं जुनं यंत्र काढलं, बोट टोचलं. बासष्ट! साखर सत्तरच्या खाली गेली की माणसाला घाम फुटतो, आणि आणखी घसरली तर शुद्धही जाते. केकताईनं शांतपणे साखरेचे चौकोन तोंडात टाकले आणि मैद्याच्या पोत्यावर बसली. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, पण आवाज स्थिर. "घाबरू नका. येईल वर. मला माहितीये."

तिला माहीत होतं. मास्तरला कुठं माहीत होतं! हिला काही झालं असतं तर? आणि आपण काय सांगत होतो, तर मस्त आहे! थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

"ही पहिली थाप," ती म्हणाली. "अजून एक, की खोकं परत."

"नवीन आहे गं बिचारं! सवय होऊ दे की त्याला!" असं म्हणून मास्तर आतल्या खोलीत सटकला. आता मास्तरची एक खोड होती. घाबरला की तो खायचा. आतल्या खोलीत केकच्या कापून काढलेल्या कडांचं ताट होतं, आणि वजन वाढल्यापासून त्या ताटाला हात लावणार नाही असं त्यानं बायकोला वचन दिलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला वचन आठवतं का! एक कड खाल्ली. मग चॉकलेटची. मग क्रीम लागलेली, कारण ती वाया गेली असती. ताट रिकामं झालं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. मिश्या पुसून तो बाहेर आला.

थोड्या वेळानं मोबाइल कोकलायला लागला. एकशे एकोणतीस! एकशे अठ्ठेचाळीस! वर तोंड केलेला बाण, मग तसेच दोन बाण!

मुलीचा फोन. "आई, काय खाल्लंस तू?"

"साखरेचे चारच चौकोन गं!"

"मग ही रेषा झाडावर कशाला चढतेय?"

केकताईनं पुन्हा बोट टोचलं. अठ्ठ्याऐंशी. तिनं एकदा बोटाकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे, आणि मग तिचा चेहराच बदलला. "अहो, उद्यापासून हा आपल्या मनानं इन्सुलिन सोडणार होता. या आकड्यावर! मी अठ्ठ्याऐंशीवर असताना यानं दीडशेचं इन्सुलिन सोडलं असतं. मग?"

तिनं मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"खोकं आणा. जुना पंप कुठंय?"

मास्तरचा दंड खाजत होता. तो खाजवता खाजवता त्याचा हात थांबला. दीडशे. क्रीमची कड. बाथरूम. पाठ असलेला कोड. सगळं एकदम डोक्यात उजेड पडल्यासारखं झालं, आणि त्याला दरदरून घाम फुटला. गप्प बसावं, तर तिच्या कमरेला पुन्हा तो तडकलेला पंप. बोलावं, तर वचन गेलं, अब्रू गेली आणि आईसमोर गेली!

"अरे, तुझ्या मिशीला काय लागलंय पांढरं?" आईनं विचारलं.

मास्तरनं बाही वर केली.

"ही थाप त्याची नाही गं," तो म्हणाला. "तो सकाळपासून माझी साखर सांगतोय. पहिली फेरी मेकॅनिकची म्हणून मी आधी लावून बघितला. कोड एकच असेल असं वाटलं मला. ती सरळ रेषा माझी. आणि हे दीडशे म्हणजे... ताटातल्या कडा."

"किती?" केकताईनं विचारलं.

"ताट."

फोनमधून मुलगी हसली की रडली ते कळलं नाही. आई कपाळावर हात मारून बसली. आता भडका उडणार म्हणून मास्तरनं डोळे मिटून घेतले. पण भडका उडाला नाही. डोळे उघडून बघतो तर केकताई मोबाइल दोन्ही हातांत धरून बघत होती. रेषा वर जाऊन थबकली होती, आणि आता हळूहळू वळून खाली यायला लागली होती.

"खाली येतेय," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "अहो, तुम्ही काय केलंत?"

"मी? मी काहीच नाही केलं!"

"तेच तर! ताटभर केक खाल्लात, गणित नाही, टोचणं नाही, काही नाही. आणि आत कुणीतरी बसून सगळं आवरतंय. असं असतं होय हे? मी कधी बघितलंच नव्हतं." तिनं हात पुढे करून त्याच्या पोटाला बोट लावून बघितलं. मास्तरच्या पोटाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

"आणि हे सगळं तू डोक्यानं करतेस?" मास्तर म्हणाला. "रोज? केक करता करता?"

"मग काय तुमची आई येते करायला?"

"आले असते," आई म्हणाली, "पण मला गणित येत नाही!"

मास्तरला हसू आलं नाही. लिफ्ट बंद पडली की लोक जिना चढतात. या बाईला जिनाच नव्हता. आठव्या वर्षापासून ती दोर हातानं ओढत आली होती, आणि इतकी वर्षं शेजारी उभं राहून लिफ्टमास्तर म्हणवणाऱ्या माणसाला त्याचा आवाज ऐकू आला नव्हता. "धन्य आहेस गं तू," तो म्हणाला आणि खोकं शोधायला वळला.

"कुठं निघालात?"

"परत करायचंय ना?"

"कशाला? थाप तुम्ही मारलीत, त्यानं कुठं मारली? संसाराला इतकी वर्षं झाली, ताट कोण रिकामं करतं ते मला पकडता आलं नाही. यानं एका दुपारी पकडून दिलं! असं खरं बोलणारं माणूस घरात हवंच. ठेवायचं!"

दुसऱ्या दिवशी नर्सताई आली. हकिगत ऐकून हसता हसता खालीच बसली, मग एकदम गंभीर झाली आणि टेबलाखालचं पुस्तक काढून मास्तरच्या हातात दिलं. पान न पान वाचून घेतलं. केकताईचा खरा कोड टाकला, दिवसभर बोट टोचून आकडे पडताळले, मगच पंप आपोआप चालू केला. केकताईची स्वतःची रेषा उमटली. डोंगर होते, दऱ्या होत्या. पण संध्याकाळी एक दरी येता येता पंपानं आपणच हात आखडता घेतला आणि रेषा वरच्या वर सावरली. केकताई पाकळ्या काढायची थांबली, कमरेच्या पंपावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मास्तरही तिच्या शेजारी उभा राहिला. टेबल परत डुगडुगायला लागलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"माझा सेन्सर आता काढू ना?" मास्तरनं विचारलं.

"काढताय कशाला? दहा दिवस टिकतो. वाया घालवायचा?" असं म्हणून केकताईनं तो त्याच्याच मोबाइलला जोडून दिला, आणि मुलीच्याही.

तिसऱ्या दिवशी मास्तर एका उंच इमारतीत लिफ्टच्या छपरावर बसून दोर तपासत होता. खाली अंधार, वर अंधार, चिटपाखरू नाही. त्यानं इकडेतिकडे बघून खिशातला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढला आणि अख्खा संपवला. घटकाभरानं खिशात मोबाइल वाजला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "किती?"

मास्तरनं मिशीवरचा चुरा झटकला. या खड्ड्यात उभं आयुष्य गेलं, पण इथं रेंज म्हणून कधी आली नव्हती!