शेषरावांची शिट्टी

आमच्या शेजारच्या शेषरावांना चहाला बोलावलं, की ते आधी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तोंडात बोट घालून 'टक्' आवाज करत काहीतरी काढायचे, निळ्या डबीत ठेवायचे, डबी शर्टाच्या खिशात घालून तिच्यावर एक थाप मारायचे आणि मग वळून म्हणायचे, "हं वहिनी, आना आता." चहा एका दमात संपायचा. मग आमच्याच अंगणातल्या नळावर खळखळून चूळ आणि पुन्हा 'टक्'. भावजी म्हणून चालवून घेतलं, नाहीतर माझ्या चहाचा असा अपमान मी दुसऱ्या कुणाकडून सहन केला नसता.

त्या डबीत दात सरळ करायचे साचे असत. पारदर्शक, पातळ, टोपीसारखे दातांवर बसणारे. जेवण आणि चहा सोडला तर दिवसरात्र घालायचे, आणि थोड्या थोड्या दिवसांनी नवी जोडी. "डॉक्टरीनबाई अलाइनर म्हनते, आपुन टोपन म्हनतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वरून, "पद्धत मंजे पद्धत!" निवृत्तीला टेकलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीला वाटलं, गडी पुन्हा बोहल्यावर चढतोय.

कारण वेगळं होतं. शेषरावांच्या पुढच्या दोन दातांत चांगली ऐसपैस फट होती, आणि स किंवा श आला की तिच्यातून शिट्टी वाजायची. त्यात नोकरी बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर. "शेगाव, शिरजगाव" अशी घोषणा झाली की बाहेरचे रिक्षावाले पोलीस आला समजून मागे सरकायचे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर मोबाइलवर फिरला.

"मले लग्न नाही करा लागत वहिनी," ते मला म्हणाले होते. "पन लोक माह्या तोंडाले हासून राहिले. आता नाही सहन होत."

मग मी त्यांची चेष्टा करायची सोडली. म्हणजे कमी केली. नांदगाव पेठेकडच्या एका शेतात रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं जेवण होतं, त्या दिवशी मात्र माझा नाइलाज झाला. डबी घरी राहिली म्हणून शेषरावांनी टोपणं कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवली आणि वांग्याची भाजी आणायला उठले. यजमानांना वाटलं, कुण्या म्हाताऱ्याची कवळी राहिली. त्यांनी ती आदरानं पंगतीतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांना नेऊन दिली. आजोबांनी तोंडात घालून पाहिली, जबडा दोन-तीनदा हलवला आणि म्हणाले, "माही नोहोय. पन जरा घासली तं चालन." शेषराव विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली ती टोपणं धूत बसले, तोवर आमची जेवणं उरकली.

या माणसाला एकच चैन होती, रविवारी अकोल्याला जाणं. तिथे धाकट्या भावाकडे त्यांची माय असते. पार थकलेली, डोळ्यांनी काही दिसत नाही, आणि अलीकडे माणसंही विसरायला लागलेली. घरच्या सुनेला रोज नव्यानं नाव सांगावं लागतं. पण शेषराव दारातून "माय, शेषराव आला" म्हणाले आणि ती शिट्टी वाजली, की खाटेवरून लगेच, "आला काय बह्याडा! भाकर खाल्ली का तसाच आला?" या शिव्या शेषराव सोमवारी आम्हाला जशाच्या तशा ऐकवत, एखाद्यानं प्रसाद वाटावा तशा.

फट बुजत आली, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम येऊन दाखवली. खरंच माणूस देखणा दिसायला लागला होता. त्या रविवारी मला अकोल्यालाच बहिणीकडे जायचं होतं, म्हणून बरोबर निघालो, आणि आधी त्यांच्या मायला भेटायला गेलो.

"माय, शेषराव आला."

खाटेवर काही हाललं नाही. "कोन हाय जी?"

शेषरावांनी घाईघाईनं टोपणं काढून खिशात टाकली. "माय, मी शेषराव." आवाज त्यांचाच होता, पण शिट्टी नव्हती.

"बसा जी," माय म्हणाली. "शेषराव माह्या पोराचं नाव हाय. येतेच तो आता. तुमी कोन्या गावचे?"

"अमरावतीचा."

"मंग वयखत असान त्याले. जेवते काय जी तो बराबर? बायको नाही त्याले."

शेषराव तिच्या पायाशी बसले. "जेवते," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी टोपणं घातली नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले ते एवढंच विचारायला, की हे घालणं सोडलं तर काय होतं. ती पोरगी बिचारी काळजीनं म्हणाली, "काका, मग दात परत सरकतात. फट पुन्हा पडते, सगळी मेहनत वाया." शेषरावांनी तिला मनापासून नमस्कार केला आणि घरी आले.

मला राग आला. "अहो, एवढा खटाटोप केला! मायला नीट समजावून सांगा. लहानपणची काही आठवण करून द्या."

"देल्लं न आठवून. मी झाडावरून पडलो ते सांगतलं. तिले वाटते, हा मानूस आपल्या पोराचं सांगून राहिला. खुश होते."

रविवारी ते जातच राहिले, पाहुण्यासारखे. पोहे खायचे, पाय दाबायचे, यायचे. आणि इकडे रोज सकाळी कुंपणावरून माझी परीक्षा. "शेगाव! वाजली काय वहिनी?" मी म्हणायची, नाही. पुढे मी म्हणायला लागले, थोडी हवा गेली. दात सरळ व्हावेत म्हणून धडपडणारी माणसं मी पाहिली होती; ते वाकडे व्हावेत म्हणून आस लावून बसलेला माणूस हा पहिलाच. चक्क मीही देवाला तेच सांगायला लागले. एका सकाळी 'शेगाव' झालं आणि गल्लीतलं कुत्रं दचकून उठून बसलं.

त्या रविवारी संध्याकाळी शेषराव बसमधून उतरले ते थेट आमच्या फाटकाशी आले.

"देल्ल्या वहिनी! शिव्या देल्ल्या मायनं, दारातच! बह्याडा, इतके दिवस कोठी उलथला होता म्हने. माय जिती हाय का मेली, हे तरी पाहाव म्हने."

आनंदानं मी फाटक सताड उघडलं.

"मंग जवळ बसवलं अन् हळूच म्हने, तू नोयता तं एक मानूस येत जाय. चांगला होता बिचारा, माहे पाय दाबे. त्याले माय नसन काय रे?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, हाय. चांगली हाय त्याची माय." शेषरावांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "तं म्हने, मंग येथी काहून बसते तो? तिच्यापाशी जात जाय म्हना त्याले. वाट पाह्यत असन ते."