रोज चार बोटं

"हे कपाट एकदाचं बाहेर काढा. हमाल बोलवा," बायको म्हणाली.

"हमाल कशाला? मोठं काम एकदम अंगावर घेतलं की माणूस दबतो," नवरोबा म्हणाले. "रोज फक्त चार बोटं सरकवायचं. कपाट हॉलमध्ये कधी पोचलं, कळणारसुद्धा नाही!"

बायकोला कपाटाच्या खोलीत शिलाई मशीन मांडायचं होतं. आजवर ती ओट्याशेजारी शिवायची. परवाच नवरोबांनी फडकं समजून गिऱ्हाइकाच्या कोऱ्या सदऱ्याला हात पुसले होते. त्यात आता शाळेच्या सदऱ्यांची पहिली मोठी ऑर्डर आलेली.

नवरोबा मात्र नेमाचे पक्के. कपाट चुकून पाच बोटं सरकलं, तर एक बोट मागे घ्यायचे!

अखेर कपाट दाराशी आलं. नवरोबा अंग चोरून आत शिरले आणि नेहमीसारखा आतून खांदा लावला. पुढचे पाय उंबऱ्यापलीकडे धप्पकन उतरले. "जमलं!" म्हणत ते चहासाठी बाहेर निघाले, तर दारात कपाट. ढकललं की मागचे पाय उंबऱ्याला अडत, ओढलं की पुढचे.

"अगं ए! मी आत अडकलोय!"

"कितीसे अडकलात?"

"कितीसा काय? अख्खा!"

बायकोला खरं तर रडू येत होतं. सदरे उद्या सकाळी द्यायचे होते, थोडे अजून शिवायचे होते आणि बटणं लावायची तशीच होती. पहिलीच मोठी ऑर्डर हुकली, तर पुन्हा दारात कोण उभं राहणार? तिने कपाटावरच्या वीतभर फटीकडे पाहिलं. मग तिथून एकेक सदरा आत पडू लागला.

"हे काय गं?"

"सुईदोरा नि बटणं पहिल्या सदऱ्याच्या खिशात आहेत. बटणं लावा."

"एवढी? अगं, मी जन्मात कधी..."

"एवढ्यांकडे बघूच नका. एका वेळी एकच बटण."

आपलंच तत्त्वज्ञान! त्यांनी सुई ओवली. पहिलं बटण नवरोबांनी स्वतःच्या पायजम्यासकट शिवलं. दुसरं उलट्या बाजूने लागलं. पण हळूहळू हात बसला. बाहेर मशीन खडखडत होतं, मधूनच कपबश्या वाजत होत्या. आपल्याला कुणी चहा विचारत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

उन्हं कलली तेव्हा ते ओरडले, "झालं शेवटचं! आता तरी हमाल बोलाव गं!"

"ते दुपारीच आलेत," बायको म्हणाली. "तिसरा चहा चाललाय त्यांचा. उचला हो भाऊ, आता उचला कपाट!"