तात्यांच्या काखेतली पिशवी

किसनतात्या देवळात जातानासुद्धा चपला बरोबर नेत. पुजारी ओरडला की कापडी पिशवी काखेत आणखी घट्ट दाबत आणि म्हणत, "पायात हायत का? न्हाईत ना? मग देवाला काय अडचन?" 'चपला बाहेर काढा' असं सांगणाऱ्या माणसाचा तुमच्या चपलांवरच डोळा असतो, हे त्यांचं ठाम मत.

अवसरीत आमचं आणि तात्यांचं घर भिंतीला भिंत लागून. आमच्या दोन खोल्या, वर पत्रा. वडील मंचरच्या बाजारात हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला. पोती उचलून उचलून वडिलांचा एक खांदा खाली उतरला होता. मला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि फी माफ झाली, तेव्हा आई रडली. तात्या मात्र दारात येऊन म्हणाले, "फुकाट शिकिवत्यात? ह्यात काय तरी डाव हाय."

डाव त्यांना सगळीकडे दिसे. एसटीत ते दाराजवळच बसत आणि ड्रायव्हरवर नजर ठेवत. घरात गॅस येऊ दिला नाही, "टाकीत काय भरलंय, कुनी बघितलंय?" पोरीनं सासरहून कुकर पाठवला, तो थेट माळ्यावर गेला. म्हणे, "ज्याला शिट्टी मारून सांगावं लागतं, त्याचा काय भरवसा?"

या सगळ्या शंका ते बायकोला, म्हणजे सरूकाकूंना ऐकवत. आणि काकूंना तर कानानं काहीच ऐकू येत नसे. संसार टिकला तो त्यामुळेच, असं आमची आळी म्हणायची.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा दिल्लीत जमिनीखालून रेल्वे धावायला लागली होती. तसल्या भुयारी स्टेशनात आग लागली तर प्रवासी बाहेर कसे पडतील, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं, हा माझा प्रोजेक्ट. पडद्यावर एकेक प्रवासी म्हणजे एकेक ठिपका. घंटा झाली की ठिपका जवळच्या जिन्याकडे पळणार. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "ठिपके फार शहाणे आहेत तुझे. खरी माणसं बघून ये, नाहीतर पास करणार नाही."

मला नोकरी लागली की वडिलांनी पोतं खाली ठेवायचं, असं घरात ठरलेलं. नापास होऊन चालणार नव्हतं.

आता मंचरला भुयारी स्टेशन कुठून आणायचं? पण चुलतभावाचं लग्न ज्या कार्यालयात होतं, तिथलं जेवणघर तळघरात होतं. वर यायला दोन जिने, एक पुढचा आणि एक मागचा. भावाला गळ घातली, मालकाला विचारलं. जेवणं उरकत आली की घंटा होईल, सगळ्यांनी शांतपणे वर यायचं, असं माइकवरून सांगितलं.

तात्यांनी लगेच पंगतीत कुजबूज केली, "आइस्क्रीम वाचवायचा डाव हाय."

"तात्या, अहो माझा प्रोजेक्ट आहे."

"तुला काय ठावं, पोरी? तुलाबी फसवलंय त्यांनी."

घंटा झाली. मी मागच्या जिन्याच्या पायथ्याशी उभी. निम्म्या पंगती या जिन्याला खेटून बसलेल्या, पण इकडे कुणी फिरकेना! सगळं वऱ्हाड पुढच्या जिन्यावर लोटलेलं, कारण चपला पुढच्या दारात काढलेल्या.

"मामा, हा जिना जवळ आहे. आग लागलीय समजा."

"लागू दे की. नवी कोल्हापुरी हाय माझी," म्हणत मामा गर्दीत घुसले.

मागच्या जिन्यानं वर गेले ते एकटे तात्या. पिशवी काखेत, चाल रुबाबदार. वरून कुणीतरी ओरडलं, "तात्या सुटले, राव!"

मला हसू येतंय तोवर तात्या धोतर सावरत उलटे खाली धावत आले.

"तात्या, परत नाही यायचं! सगळं चुकेल माझं!"

"चुकू दे. तुझी काकू वर न्हाई."

मी वळून पाहिलं. रिकाम्या जेवणघरात, खांबाच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून सरूकाकू एकट्या जिलबी खात होत्या. माइक नाही, घंटा नाही, काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेजारच्या बायका चपलांमागे गेल्या होत्या.

तात्यांनी मागून हाक मारली नाही की हात लावला नाही. लांबून वळसा घालून ते काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले, म्हणजे त्या दचकणार नाहीत. मग पिशवीतून काकूंच्या चपला काढून पायाशी ठेवल्या. पिशवीत कायम दोन जोड असायचे. मला आजवर एकच वाटत होता.

"झाली व्हय पंगत?" काकूंनी मोठ्यानं विचारलं. "आन् आइस्क्रीम?"

"न्हाई देत," तात्या ओठ सावकाश हलवत म्हणाले. "म्या म्हनलंच व्हतं. चल."

मला माळ्यावरचा कुकर आठवला. त्याची शिट्टी काकूंना कुठून ऐकू येणार होती!

मॉडेल मी पुन्हा केलं. आता बरेच ठिपके ज्या जिन्यानं आले त्याच जिन्याकडे गर्दी करत, आणि काही वर पोचून पुन्हा खाली उतरत. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं, "हे उलटे कोण चाललेत?"

"ज्यांचं माणूस खाली राहिलंय ते, सर."

सर शेवटचे दोन ठिपके एकत्र वर येईपर्यंत बघत राहिले, मग सही केली.

मी पास झाले. नोकरी लागली. वडिलांनी पोतं खाली ठेवलं.