बेटावरून परतलेले काळमेघकाका

नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत ऑटोवाले दोनच जागी थांबतात. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्याशी आणि काळमेघकाकांच्या फाटकाशी. ठेल्यापाशी पोटासाठी थांबतात. फाटकापाशी थांबतात, कारण काका येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला एक बोट वर करून दाखवतात. ऑटोवाला कच्चकन ब्रेक मारतो. "कहाँ जाना है, काकाजी?"

"कहीं नहीं. रामराम था."

यावर ऑटोवाला जे पुटपुटतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

ही सवय बेटावरची. काकांची मुलगी नलू डॉक्टर आहे. स्कॉटलंडच्याही वर, भर समुद्रात एक चिमुकलं बेट आहे, तिथल्या दवाखान्यात ती असते. काकू गेल्या तेव्हा ती काकांना सोबत घेऊन गेली. उभा जन्म लकडगंजात सागवानाच्या वखारीत काढलेला माणूस, आणि बेट असं की औषधालाही झाड नाही. "वारा उभंच राहू देत नाही गा झाडाले," काका सांगतात. "दात कोराची काडी जहाजानं येते तिथं!" माणसं इतकी थोडी की समोरून गाडी आली की बोट उचलून ओळख द्यायचीच. नाही दिली तर लोक समजतात, काहीतरी बिनसलंय.

काका तिथे वर्षभर राहिले, चांगले रुळलेही. पण इथे दारात काकूंनी लावलेला कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत बसायला म्हणून ते परत आले.

येताना बेटावरचा वारा मात्र डोक्यात घेऊन आले. कचऱ्याचा डबा दोरीनं बांधलेला, खुर्ची खिडकीच्या गजाला बांधलेली, एकेका बनियनला चार-चार चिमटे. मे महिन्यात आमच्याकडे पान हलत नाही, तरी काका गाठी तपासत फिरतात. एकदा मात्र अंधड आलं, गल्लीतले पत्रे उडाले आणि काकांचा डबा जागचा हलला नाही. तेव्हापासून "बांधून ठेवा बापा, हवेचा भरोसा नाही" हे आम्हाला येता-जाता ऐकावं लागतं.

पण खरा कळस म्हणजे पडदा. नागपूरकर उन्हाळ्यात सकाळीच खिडक्या लावतो, जाड पडदे ओढतो आणि कूलरपुढे बसतो. काका उजाडलं की पुढच्या खोलीचा पडदा सर्रकन उघडतात. ऊन थेट त्यांच्या पलंगावर. तेही बेटावरचंच. तिथे समोर मागीबाई म्हणून एक एकटी म्हातारी राहायची. "तिची इंग्रजी मले समजे ना, माझी तिले. पण सकाळी तिनं पडदा उघडला का मी समजो, बाई जिवंत आहे. मी उघडला का ती समजे, म्हातारा आहे अजून. नाही उघडला तर चहाच्या आत पाहाले याचं." हा किस्सा गल्लीत सगळ्यांना पाठ होता. आम्ही हसायचो आणि आपापले पडदे ओढून घ्यायचो.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी पेपर घ्यायला बाहेर आलो तर समोर काकांचा पडदा बंद. म्हटलं, चला, आली एकदाची अक्कल. आंघोळ झाली, नाश्ता झाला, पण घास गोड लागेना. शेवटी चप्पल अडकवून गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं, काका कडी लावतच नाहीत. ते पलंगावर पडले होते, अंग तव्यासारखं तापलेलं. आदल्या दिवशी ऊन लागलं होतं.

डोळे किलकिले करून म्हणाले, "उशीर केला गा. मागीबाई चहाच्या आत आली असती."

डॉक्टर आले, सलाइन लागलं. संध्याकाळी जरा हुशारी आल्यावर काका माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"नलू तिकडं बोलावून राहिली मले. म्हणते, इथं तुमचा पडदा पाहाले मागीबाई आहे, नागपुरात कोण आहे? कोणी पाहणारं असन तरच राहा म्हणते."

"मग काय सांगितलं तुम्ही?"

"तुझं नाव सांगून टाकलं गा. बेटावरून आल्या-आल्याच. तुले न विचारता."

मी उठून त्यांचा पडदा जरा सारला. काकांच्या पलंगावरून आमच्या हॉलची खिडकी समोरच दिसत होती. तिचा जाड निळा पडदा पक्का ओढलेला होता. आमच्या हॉलची खिडकी काकांना रोज अशीच दिसत होती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पडदा उघडला. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून जी? ऊन भरते ना घरात!"

"भरू दे," मी म्हटलं.

थोड्या वेळानं समोरचा पडदा हळूहळू सरकला. गजांमागे काका दिसले. त्यांनी एक बोट वर केलं. मीही केलं.

मधल्या रस्त्यावरून जाणारा ऑटो कच्चकन थांबला.